मामा, फिशआय घेऊ की वाइड अँगल?

हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा आहे. आत भलीमोठी पिंड, चारी बाजूंनी बर्फासारखं गार पाणी, आणि एके काळी चार खांब होते त्यातला आता एकच धड उभा आहे. ज्यांनी हा ट्रेक केलाय त्यांना माहितीये की तिथं कॅमेऱ्याला १८-५५ लेन्स लावून उभं राहिलं की एकतर पिंड येते नाहीतर खांब, दोन्ही पाहिजे तर मागं सरका, आणि मागं सरकायला जागाच नाही, पाठीला कातळ लागलेला असतो. माझ्या भाच्याचं अगदी हेच झालं. खाली पायथ्याच्या पाचनई गावात चहा पितापिताच गडी मोबाईलवर लेन्स शोधायला लागला आणि रात्री मला मेसेज, "मामा, फिशआय घेऊ की वाइड अँगल? फिशआय स्वस्त पण मिळतीये आणि त्यात १८० डिग्री येतंय."

दोन्ही रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्स, फक्त फिशआय सरळ रेषा वाकवते. त्याच्याकडे कॅननचा १५०० डी कॅमेरा आहे, सेकंडहँड, सोबत कॅमेऱ्याबरोबर येणारी नेहमीची १८-५५ किट लेन्स. मी त्याला फोनवर तासभर पिडलं, आता तेच इथं लिहितोय कारण हा प्रश्न दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच.

आधी लेन्सवरच्या आकड्याचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. १८ मिमी, १० मिमी वगैरे जे लिहिलेलं असतं ती फोकल लेंग्थ, आणि ती जितकी कमी तितकं दृश्य रुंद, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण रुंद म्हणजे नक्की किती हे कोणी सांगत नाही. याचं एक साधं गणित आहे. सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत चित्र टिपणाऱ्या पट्टीची, रुंदी घ्या, तिला लेन्सच्या आकड्याने भागा आणि जे येईल त्याला समोरच्या भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणा, तेवढी भिंत फोटोत येणार. १५०० डीचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. भिंतीपासून १० फुटांवर उभं राहून १८ मिमीने फोटो काढला तर साधारण साडेबारा फूट भिंत येते, १० मिमीने काढला तर २२ फुटांच्या वर, आणि ५५ वर नेलं तर जेमतेम ४ फूट. म्हणजे १२ फुटी हॉलच्या एका भिंतीला पाठ लावून उभं राहिलात तर १८ मिमीत समोरची भिंत जेमतेम बसते आणि १० मिमीत समोरची भिंत तर येतेच, शिवाय दोन्ही बाजूच्या भिंती, पंखा, सोफा, सोफ्यावर झोपलेले आजोबा, सगळं येतं.

याच गणितातून अजून एक गंमत निघते. ५४ आणि ५५ मिमीत १० फुटांवर फरक पडतो एका इंचाचा, पण १० आणि ११ मध्ये फरक पडतो २ फुटांचा. म्हणून वाइड लेन्स घेताना "१० असो की १२ असो, दोनच मिमीचा तर फरक आहे" असं म्हणून चालत नाही. वाइडकडच्या बाजूला एकेक मिलिमीटर महाग असतो, कधीकधी अक्षरशः.

आता क्रॉप. स्वस्तातल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असतो, त्याला एपीएस-सी किंवा क्रॉप सेन्सर म्हणतात. कॅननमध्ये १.६ पटीने लहान, निकॉन, सोनी, फुजीत १.५ पटीने. इंटरनेटवरचे निम्मे सल्ले फुल फ्रेमवाले, म्हणजे फिल्मच्या फ्रेमएवढा मोठा सेन्सर असणारे, देतात, त्यामुळे एखादा म्हणतो "लँडस्केपला १६-३५ घे, डोळे झाकून घे", आणि आपण दीड-दोन महिन्यांचा पगार घालून तो घेतो आणि १५०० डीला लावतो, तर तो वागतो फुल फ्रेमवरच्या २६-५६ सारखा, म्हणजे किट लेन्सपेक्षा तसूभरच रुंद. तसंच जुन्या बाजारात "२४ मिमी वाइड" म्हणून फिल्मच्या काळातल्या लेन्स मिळतात, त्या फिल्मवर खरोखर वाइड होत्या, आपल्या क्रॉप बॉडीवर त्या साध्या नॉर्मल लेन्स होऊन बसतात. मुंबईच्या बोरा बाजारात एकाने मला असाच एक दाखवला होता, "सर, ओरिजिनल वाइड, जपानी" म्हणत, तो खोटं नव्हता बोलत, फक्त माझा कॅमेरा कुठला हे त्याने विचारलं नव्हतं. तर आपल्याला पाहिजे ती १० ते १२ पासून सुरू होणारी, खास क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली लेन्स.

पण लेन्स शोधायच्या आधी भाच्याला मी एक काम दिलं, फुकटातलं. मोबाईलमध्ये जे ०.५ चं बटण असतं ना, आठवडाभर फक्त त्याच्यावर फोटो काढ. २०१९ च्या ११ पासून बहुतेक आयफोनमध्ये जो अल्ट्रावाइड आहे तो फुल फ्रेमच्या भाषेत १३ मिमीचा, म्हणजे कॅननच्या क्रॉप बॉडीवर हिशोब केला तर ८ मिमी. तू जी १० मिमीची लेन्स घ्यायला निघालायस ती फुल फ्रेमच्या भाषेत १६ होते, खिशातला फोन त्याच्यापेक्षा रुंद बघतो! अर्थात अंधारात फोनच्या त्या बारक्या सेन्सरचा चिखल होतो, कडा पुसट येतात, प्रिंट मोठी काढली की कळतं. पण मुद्दा क्वालिटीचा नाहीच, मुद्दा हा की एवढ्या रुंद चौकटीत तुला दिसतं काय. आठवड्यानंतर ०.५ ने काढलेले फोटो बघून तुलाच कंटाळा आला तर १० मिमीच्या लेन्सनेही तेच होणार, फक्त जास्त मेगापिक्सेलमध्ये.

आणि हा कंटाळा बहुतेकांना येतोच, कारण आपण वाइड लेन्स घेतो ती "सगळं मावावं" म्हणून. राजगडावर संजीवनी माचीवर उभं राहून समोर तोरणा दिसतो, डोळ्यांना केवढा दिसतो, आणि १० मिमीने काढला की मुगाच्या दाण्याएवढा होऊन जातो, वर नुसतं आभाळ आणि खाली नुसतं गवत. लेन्स काही चुकत नाही, तिने २२ फूट भिंत बसवली तसं अर्धं जग बसवलं, मग त्यात तोरण्याच्या वाट्याला कितीशी जागा येणार? वाइड लेन्सचा खरा उपयोग जवळ जाण्यासाठी असतो. माचीच्या तटबंदीतला एखादा दगड, सोनकीच्या फुलांचा ताटवा, असलं काहीतरी लेन्सपासून फूटदीड फुटावर घ्यायचं आणि तोरणा मागे राहू द्यायचा, मग फोटोला खोली येते, बघणाऱ्याला वाटतं आपण तिथंच उकिडवे बसलोय. आणि यात फोकसचं टेन्शन नसतं हे वाइडचं सगळ्यात मोठं सुख. १० मिमीला एफ ८ ठेवून (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं भोक लहान आणि उजेड कमी) दोन-सव्वादोन फुटांवर फोकस केला की एका फुटापासून ते क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी शार्प येतं. ५५ मिमीवर असला चमत्कार होत नाही.

आता येऊ वाकड्या-तिकड्याकडे, कारण फिशआय आणि वाइड यातला फरक तिथेच आहे आणि तो नीट कळला की निवड आपोआप होते.

रात्री लाइट गेल्यावर टॉर्च घ्या आणि भिंतीवर सरळ समोर मारा. गोल पडतो. आता तुम्ही तिथेच उभे राहा, टॉर्च हळूहळू बाजूला वळवा. गोलाचा लांबोडा होत जातो, भोपळ्याचा दुधी होतो, आणि अजून वळवला तर तो दुधी भिंतीच्या टोकापर्यंत पसरतो. टॉर्च तोच, प्रकाशाचा कोन तोच, पण सपाट भिंतीवर तिरका पडला की ताणला जातो. साधी वाइड लेन्स म्हणजे नेमकं हेच करते, समोरच्या जगातून येणारे किरण सपाट सेन्सरवर असे मांडते की सरळ रेषा सरळच राहतात, दाराची चौकट चौकटच दिसते, पण त्याची किंमत म्हणून कडेच्या गोष्टी ताणल्या जातात. १० मिमीला फ्रेमच्या डाव्या-उजव्या टोकाला हा ताण जवळपास दीडपट असतो. म्हणजे साखरपुड्याच्या ग्रुप फोटोत एकदम कडेला मावशी उभी असेल तर तिचं डोकं उंचीला आहे तेवढंच आणि रुंदीला दीडपट. मी हे एकदा करून बसलोय, मावशी वर्षभर माझ्याशी नीट बोलत नव्हती. यात लेन्सचा दोष नाही आणि लेन्स महागातली घेतली तरी हे जात नाही, कारण हा काचेचा प्रश्नच नाही, सपाट कागदावर जग मांडण्याचा आहे. उपाय एकच, कडेला माणसं ठेवायची नाहीत, आणि ग्रुप असेल तर दोन पावलं मागं जाऊन १८ नाहीतर २४ वर काढायचा.

आणि टॉर्च अगदी ९० अंशात वळवला तर? प्रकाश भिंतीला समांतर जातो, भिंतीवर पडतच नाही. म्हणूनच सरळ रेषा सरळ ठेवणारी लेन्स १८० डिग्री कधीच देऊ शकत नाही, कितीही पैसे टाका, कारण तेवढ्यासाठी सेन्सर अनंत लांबीचा लागेल. १० मिमीला कॅननवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण १०७ डिग्री मिळतात आणि तेवढ्यातच कडांची ही अवस्था असते.

फिशआय काय करते तर सरळ रेषांचा हट्टच सोडून देते. वाकतायत तर वाकू दे, पण कडेचं ताणायचं नाही, उलट दाबून आत बसवायचं. टॉर्चचंच उदाहरण पुढं न्यायचं तर सपाट भिंतीऐवजी घुमटाच्या आत मधोमध उभं राहून टॉर्च मारायचा, कुठल्याही बाजूला मारा, डाग गोलच पडतो. मग तो घुमट कसाबसा चपटा करून कागदावर बसवला की फिशआयचा फोटो. जी रेषा फोटोच्या बरोबर मध्यातून जाते ती सरळ राहते, बाकी सगळ्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला फुगतात. हे एवढं लक्षात ठेवलं तरी फिशआय अर्धी जमली म्हणायची. क्षितिज मधोमध ठेवलं तर सरळ, कॅमेरा खाली झुकवून क्षितिज वर नेलं तर ते घुमटासारखं फुगतं, पृथ्वी गोल असल्याचा पुरावाच जणू, आणि कॅमेरा वर करून क्षितिज खाली ढकललं तर त्याची परात होते.

नावाची गोष्टही मजेशीर आहे. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये, पाण्यातल्या माशाला वरचं जग कसं दिसत असेल हे बघायला, चक्क बादलीत पाणी भरून तळाशी फोटोची प्लेट ठेवून कॅमेरा बनवला, आणि फिश-आय हा शब्द तिथून आला. विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी हे कॅमेऱ्याशिवाय पाहिलंय. बुडी मारून शांत पाण्यातून वर बघा, डोक्यावर एक उजेडाचा गोल दिसतो आणि काठावरची माणसं, झाडं, रहाट, सगळं त्या गोलात कडेकडेने वाकून बसलेलं असतं, गोलाबाहेर नुसता काळोख. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वरचं अख्खं १८० डिग्रीचं आकाश साधारण ९७ डिग्रीच्या शंकूत कोंबलं जातं. पुढे अशा लेन्स बनल्या त्या आधी ढगांचे फोटो काढायला, अख्खं आकाश एका फोटोत पाहिजे म्हणून. फोटोग्राफरांच्या खेळात ती बरीच नंतर आली.

फिशआयमध्ये दोन जाती. एक सर्क्युलर, जिच्यात काळ्या फ्रेममध्ये मधोमध गोल फोटो येतो, आणि दुसरी डायगोनल, जिच्यात चौकट पूर्ण भरते आणि १८० डिग्री फक्त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मिळतात. आपल्याला साधारण दुसरीच पाहिजे असते. इथेही क्रॉपचा घोळ आहेच, फुल फ्रेमसाठी बनलेली ८ मिमीची सर्क्युलर लेन्स क्रॉप बॉडीवर लावली की वरून खालून कापलेला गोल येतो, ना धड गोल ना धड चौकोन. सॅमयांगची ८ मिमी एफ ३.५ नावाची जी मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायची, लेन्स बरेच जण घेतात ती क्रॉपसाठीचीच आहे, निकॉनवर तिचे १८० डिग्री भरतात, कॅननचा सेन्सर थोडा लहान असल्यामुळे १६७ च्या आसपास. भाच्याच्या कार्टमध्ये असलीच एक होती, तर त्याचे १८० तिथेच गळाले. मात्र या लेन्सची एक गोष्ट मला आवडते, कडेचं ती इतर फिशआयइतकं दाबत नाही, त्यामुळे कडेची माणसं बऱ्यापैकी माणसांसारखी दिसतात.

मग फिशआय घ्यावी कोणी? माझं स्पष्ट मत सांगतो, पहिली जास्तीची लेन्स म्हणून कोणीच नाही. पहिले पंधरा दिवस धमाल येते, कुत्र्याचं नाक, मित्राचं टक्कल, बाइकचं हँडल, सगळं काढून होतं, आणि मग ती कपाटात जाते. प्रत्येक फोटोवर तिचा शिक्का असतो ना, आमटीत हिंग जास्त पडल्यासारखं, दुसरं काही जाणवतच नाही. पण ज्याला नेमकं काम आहे त्याच्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. ढोलपथकात मधोमध शिरून ढोलांच्या उंचीवर कॅमेरा धरला की चहूबाजूंनी ढोल आणि हात वाकून येतात, तो आवाज फोटोत दिसतो. जुन्या देवळाच्या सभामंडपात उताणं झोपून वरचं छत काढायचं असेल, जिथं मुळातच सगळं वर्तुळात कोरलेलं आहे, तिथं फिशआयचा वाकडेपणा कळतही नाही. ३६० डिग्रीचे टूर बनवणारे, पाण्याखाली शूट करणारे, स्केटबोर्डवाले, अख्ख्या आकाशाचे फोटो काढणारे, यांना ती लागतेच. केदारेश्वरात? पिंड, खांब, छत, पाणी सगळं एका फ्रेममध्ये येईल, पण तो एकुलता एक सरळ उभा राहिलेला खांब वाकडा येईल, आणि मला तरी ते बघवणार नाही.

फिशआयचा फोटो सॉफ्टवेअरने सरळ करता येतो हे खरंय, हगिन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे त्यातही होतं. पण सरळ करायचं म्हणजे पुन्हा तीच भिंत आणि तोच टॉर्च, कडा ताणल्या जातात, कोपऱ्यातले पिक्सेल रबरासारखे ओढले जाऊन मऊ पडतात, मग कापून टाकावे लागतात. फिशआय घेऊन तिची वाइड करण्यापेक्षा वाइडच घेतलेली बरी. त्याच हगिनचा त्याहून चांगला उपयोग म्हणजे पॅनोरमा. १८-५५ ला १८ वर ठेवून कॅमेरा उभा धरायचा, प्रत्येकात आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग येईल असे चार-पाच फोटो घ्यायचे आणि जोडायचे. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवायचं, फोकस लॉक करायचा. डोंगर, देऊळ, जे हलत नाही ते सगळं असं फुकटात वाइड होतं. गुहेत मात्र जवळचे खांब लांबच्या भिंतीशी जुळत नाहीत, कारण कॅमेरा फिरवताना तो थोडा सरकतो आणि जवळच्या वस्तूला ते लगेच कळतं.

एक चूक मात्र करू नका, मी केलीये. ऑनलाइन ते ०.४३ एक्स वगैरे लिहिलेले भिंग मिळतात, ५८ मिमीचे, किट लेन्सच्या तोंडावर स्क्रूसारखे फिरवून बसवायचे, "वाइड प्लस मॅक्रो" म्हणून. नाव घेत नाही, सगळे सारखेच. मी कौतुकाने घेतलं, गच्चीवर गेलो, पहिला फोटो काढला, आणि मधोमधची पाण्याची टाकी सोडून बाकी सगळं दुधात बुडवल्यासारखं, टाकीच्या पाइपला एका बाजूला जांभळी आणि दुसऱ्या बाजूला हिरवी किनार. कोपरे तर काळेच. आता ते भिंग आमच्याकडे पंचांगातली बारीक अक्षरं वाचायला वापरतात, त्या कामाला ते खरंच उत्तम आहे.

आता घ्यायचं काय. कॅननच्या साध्या डीएसएलआरला (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला) १०-१८ मिमी एफ ४.५-५.६ आयएस एसटीएम, २०१४ ची लेन्स, २४० ग्रॅम वजन, प्लास्टिकची बॉडी, आणि किमतीच्या मानाने चित्र फारच छान. त्याच्या आधीची १०-२२ पण चांगली आहे, जास्त उजेड घेते पण जड आहे आणि त्यात हात हलल्याचं सावरणारा स्टॅबिलायझर नाही. निकॉनवाल्यांसाठी २०१७ ची एएफ-पी डीएक्स १०-२० व्हीआर, तीही २३० ग्रॅमचीच, पण इथं जरा थांबा. एएफ-पी लेन्स जुन्या बॉडीवर चालत नाहीत, डी ३५००, डी ५६०० वर मस्त, पण डी ३१०० किंवा डी ५१०० असेल तर ऑटोफोकस होणारच नाही. आणि निकॉनचा दुसरा खड्डा मोटरचा. डी ३००० आणि डी ५००० वाल्या घराण्यातल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. टोकिनाची ११-१६ एफ २.८ ही सेकंडहँडमधली लाडकी लेन्स आहे, तिच्या पहिल्या निकॉन आवृत्तीत मोटर नाही, दुसरीत आहे, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. निकॉनच्या स्वतःच्या १०.५ मिमी फिशआयमध्येही मोटर नाही. विकणारा सांगेलच असं नाही, म्हणून आपला कॅमेरा घेऊन जायचा, लावून बघायचा.

मिररलेसवाल्यांचं, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचं, सोपं झालंय. कॅननच्या आर ५०, आर १० वर आरएफ-एस १०-१८, फक्त १५० ग्रॅम, सोनीवर तर पर्यायांचा ढीग आहे, ११ मिमी एफ १.८ पासून टॅमरॉनच्या ११-२० एफ २.८ पर्यंत, निकॉन झेड ३०, झेड ५० वर १२-२८. बजेट बघा आणि घ्या, यात फार डोकं लावण्यासारखं नाही.

एफ २.८ पाहिजेच का, हे पुढचं हमखास विचारतात. दिवसा, ट्रेकला, देवळाबाहेर, अजिबात नाही. वाइडला हात हलल्याचं कमी जाणवतं, स्टॅबिलायझरशिवायही १/१५ सेकंदाला हातात धरून स्थिर गोष्टींचा फोटो येतो. पण आकाशगंगा काढायची असेल तर हो. ताऱ्यांसाठी एक ढोबळ हिशोब आहे, ५०० ला लेन्सच्या आकड्याने आणि क्रॉपने भागायचं, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवता येतं, त्यापुढे पृथ्वीच्या फिरण्याने ताऱ्यांच्या रेघा होतात. १८ मिमीला कॅननवर हे १७ सेकंद येतात, १० मिमीला ३१. म्हणजे नुसतं वाइड झाल्यानेच जवळपास दुप्पट वेळ मिळाला, आणि एफ ४.५ ऐवजी २.८ असेल तर वरून अडीचपट उजेड. मोठी प्रिंट काढणारे यातले निम्मेच सेकंद धरतात, ते बरोबरच आहे, पण इन्स्टावर टाकायला हा हिशोब पुरतो.

मॅन्युअल लेन्स घ्यायची तयारी असेल तर अजून दोन गोष्टी माहीत पाहिजेत. तिच्यात चिप नसेल तर कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही, मिररलेसमध्ये मेनूत "लेन्सशिवाय शटर" असं सेटिंग शोधून चालू करावं लागतं, नाहीतर बटण दाबत बसाल आणि काही होणार नाही. निकॉनच्या छोट्या डीएसएलआरमध्ये चिप नसली तर एक्स्पोजरचं मीटरही चालत नाही, अंदाजाने काढायचं आणि स्क्रीनवर बघायचं. तसं एवढ्या वाइडला फोकस एकदा लावला की दिवसभर हात लावावा लागत नाही, म्हणून मॅन्युअलची भीती बाळगायचं कारण नाही. फक्त लेन्सवर छापलेल्या अंतरावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, झूम करून एकदा तपासा.

सेकंडहँड घेताना मोबाईलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, कोकणातल्या आणि मुंबईतल्या लेन्सना चार पावसाळ्यांत हमखास धरते. मग वर्तमानपत्राचं पान भिंतीवर चिकटवून समोरून सरळ फोटो काढा आणि चारी कोपरे मोठे करून वाचा, एकच कोपरा पुसट असेल तर आतलं भिंग हललेलं आहे, सोडून द्या. चारी सारखेच थोडे पुसट असतील तर चालतंय, एफ ८ ला सुधारतात. फिशआयची पुढची काच तर बाहेर आलेल्या डोळ्यासारखी असते, तिच्यावर फिल्टर बसत नाही, त्यामुळे ओरखडे नीट बघा.

फिल्टरवरून आठवलं, कॅननच्या किट लेन्सचे ५८ मिमीचे फिल्टर इथे बसणार नाहीत, कॅननच्या १०-१८ ला ६७ लागतो आणि निकॉनच्या १०-२० ला ७२. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, घेणार असाल तर वाइडला निळं आभाळ एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं येतं, मधे डाग पडल्यासारखं, कारण आभाळाचा इतका मोठा तुकडा सगळीकडे सारखा पोलराइज नसतोच. आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश विसरा, त्याचा उजेड १८ मिमीच्या आसपासच संपतो, १० ला कडा अंधारात राहतात आणि खाली लेन्सचीच अर्धगोल सावली पडते. इमारत किंवा दीपमाळ काढताना कॅमेरा वर झुकवू नका, नाहीतर ती पाठीमागे कोसळतेय असं दिसेल, कॅमेरा सरळ ठेवा, खालची जास्तीची जमीन नंतर कापा.

भाच्याने शेवटी १०-१८ घेतली का? लगेच नाही. आधी मी त्याला ती दोन दिवस भाड्याने आणायला लावली, पुण्या-मुंबईत आता लेन्स भाड्याने सहज मिळतात आणि शनिवार-रविवारच्या भाड्यात एक बरी पार्टी होते, त्यापेक्षा जास्त नाही. गडी पुन्हा पाचनईला गेला, पुन्हा त्या गार पाण्यात उतरला, यावेळी कातळाला पाठ न लावता चांगला पुढं जाऊन, कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर धरून. पिंड मोठी, मागं तो खांब सरळ, छताचा कातळ डोक्यावर आलेला. फोटो मला आवडला. फक्त डाव्या कोपऱ्यात त्याच्या मित्राची एक मांडी आलीये, आहे त्याच्या दीडपट रुंद, आणि ती कापायची की नाही यावरून दोघांचं अजून चाललंय.